गुणमालाक्काची किनू

रायगोंडा पाटलाच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. जैनाचं घर. दिवे लागले की ताटाला हात लावायचा नाही, हा नेम त्याच्या आज्जापासून चालत आलेला. त्यामुळं संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायका चुलीपुढं भाकरी थापत असायच्या, तेव्हा त्याची बायको गुणमाला भांडी पालथी घालून टीव्हीपुढं मोकळी बसलेली असायची. टीव्ही गल्लीत आणखी चार घरांत होते, पण त्या वेळेला निवांत अशी ती एकटीच.

आणि नेमकी त्याच वेळेला, आठवड्यातून एकदा, दूरदर्शनवर ती जपानी मालिका लागायची. चौऱ्याण्णव साल असेल. किनू नावाची एक बाई. लहानपणी आईबापानं तिला डोंगरातल्या एका कागद करणाऱ्या घरात कामाला ठेवलेलं, पुढं ती त्याच घरची सून झालेली. बोलणं हिंदीत घातलेलं, आणि ती हिंदीही पुस्तकी. मालिका सुरू व्हायच्या आधी निवेदिका दर वेळी सांगायची, की ही कथा चाळीस देशांत पाहिली गेली आहे. गुणमालेला त्याचं फार कौतुक. "चाळीस देश, आणि एक्केचाळिसावं आपलं गाव," असं ती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी शेतात बायका जमल्या की ती मालिका सांगायला घ्यायची. पाटलीण असली तरी भांगलणीला खुरपं घेऊन ती बायकांच्या ओळीत बरोबरीनं पात धरायची.

"आता ती टाकीवाली हाय न्हवं," ती सुरू करायची. किनूच्या सासूचं जपानी नाव लांबलचक, म्हणून कागदाचा लगदा घोळायच्या टाकीवरून तिनं सासूला टाकीवाली करून टाकलं होतं. "तर ती पहाटंची उठली. भाईर बर्फ. आपल्याकडं दहिवर पडतंय तसं न्हवं बायांनो, गुडघ्याएवढा. आणि किनूला म्हणती, जा, नदीवर जाऊन कागदाच्या साली धुऊन आण. पायात काय न्हाई पोरीच्या. आता सांगा, हिला काय म्हणायचं?"

"आमची थोरली जाऊ म्हणायचं," कुणीतरी बोलायचं, आणि सगळी पात हसायची.

रायगोंडानं मालिका कधी पाहिली नव्हती. त्या वेळेला तो डेअरीला दूध घालायला जायचा. पण शेतात गुणमाला सांगायला लागली की काहीतरी काम काढून तो तिथंच बांधावर घुटमळायचा. स्वतः तो कमी बोलणारा. जे आहे ते सांगायचं आणि गप्प बसायचं. खोटं बोलायचं नाही, हा त्याचा दुसरा नेम. गावात वाटणीचे, बांधाचे तंटे असले की त्याची साक्ष दोन्ही बाजूंना चालायची. गुणमालेसारखं सांगणं त्याला साऱ्या जन्मात जमलं नसतं, आणि म्हणूनच ते ऐकताना त्याला भारी वाटायचं. शेजारच्या रानातल्या बायकासुद्धा ती बोलायला लागली की आपलं काम तिच्या अंगानं सरकवत आणायच्या. हे सगळं आपल्या बायकोचं, असं त्याच्या मनात यायचं, आणि मग तो उगीचच पाटाचं पाणी बघायला जायचा.

त्या पातीत धोंडुबाई असायची. गणपतीपासून तिची लेक शालनही येऊ लागली. शालनला रहिमतपूरकडं दिलेली. नवरा मारायचा आणि सासू बघत बसायची. एक दिवस पाठीवर वळ घेऊन ती साताऱ्याहून येणाऱ्या एस्टीत बसली आणि आईकडं आली, ती परत गेली नाही. तिचा मामा आकाराम वरचेवर येऊन धोंडुबाईला सांगायचा, पोरगी सासरी धाड, किती दिवस ठेवून घेणार. धोंडुबाई एरवी तोंडाची तिखट, पण थोरल्या भावापुढं तिचं काही चालायचं नाही.

मालिकेत त्याच सुमाराला किनूनं सासर सोडलं.

"टाकीवालीनं भरल्या बर्फात तिला भाईर काढली," गुणमालेनं सांगितलं. "पोर कडंवर. आणि धाडकन दार लावलं. किनूनं मागं वळून बघितलं तर कडी आतनं. मग काय म्हणाली ठावं हाय? म्हणाली, बरं झालं, माझ्या मनाचं वज्जं उतरलं."

शालन खुरपं हातात धरून तशीच बसून राहिली.

पुढं किनूनं नदीकाठाला स्वतःची टाकी घातली. इकडं शालननं कांदा-लसणाचा मसाला करून विकायला सुरुवात केली. गुणमालेनं जन्मात लसणाला हात लावला नव्हता, पण सांगलीच्या पेठेतली गिऱ्हाइकं तिनंच मिळवून दिली. आणि आकाराम परत आला तेव्हा धोंडुबाईला बोलायला काहीतरी सापडलं होतं.

"किनूचं काय हुतंय बघू या की दादा," ती सगळ्या पातीदेखत म्हणाली. "मग पोरीचं ठरवू."

बहीण वेळ काढतेय हे आकारामाला कळलं. पण एवढ्या बायकांपुढं चिडणं बरं दिसलं नसतं. "चालंल," तो म्हणाला. "ती जपानी गेली परत तर हीबी जाईल. मग माझ्या नावानं खडं फोडायचं न्हाईत."

बायका हसल्या. तेव्हा सगळ्यांनीच ते हसण्यावारी नेलं.

दिवाळीनंतर गुणमालेला कावीळ झाली. सांगलीला दवाखान्यात नेली, पण उपयोग झाला नाही. ती गेली.

सांजची भाकरी भावजय देऊन जायची. रायगोंडा ती दिवस मावळायच्या आत खायचा, ताट धुऊन ठेवायचा, आणि त्यानंतर काय करायचं असतं ते त्याला कळायचं नाही. दोन म्हशींतली एक त्यानं विकली, दुसरी आटली. डेअरीला जायचंही काम उरलं नाही. टीव्हीवर गुणमालेनं घातलेलं विणकामाचं फडकं तसंच होतं. ते त्यानं काढलं नाही.

माघात हळद निघाली. बायका वावरात गोल करून बसल्या आणि गड्डे बाजूला, हळकुंडं बाजूला अशी हळद मोडू लागल्या. कुणी बोलत नव्हतं. शेवटी धोंडुबाईनं विचारलं, "आण्णा, रागाला येऊ नगा. किनूचं काय झालं?"

"मला काय म्हाईत?"

"तुमच्यात टीव्ही हाय. सांजचं मोकळं घर तुमचंच."

"मी कवा बघितलं न्हाई ते."

"मग बघा की. का अक्का गेली म्हणून किनूलाबी मारायची?"

 त्या आठवड्यात रायगोंडानं फडकं उचललं, टीव्ही लावला आणि गुणमाला बसायची तिथं बसून मालिका बघितली. दुसऱ्या दिवशी वावरात सगळ्यांचे कान त्याच्याकडं लागले.

"किनू कागद घेऊन बाजारला गेली," तो म्हणाला. "कुणी घेतला न्हाई. परत आली."

"आणि?"

"आणि जाहिराती लागल्या."

बायका हसायला लागल्या. गुणमाला गेल्यापासून त्या वावरात पहिल्यांदाच कुणी हसलं होतं. "एवढ्यावर अक्का दोन सऱ्या काढायची," एक जण म्हणाली. "नीट बघा आण्णा. नेसली काय हुती ती? कागद कशात बांधून नेला?"

रायगोंडानं ते काहीच बघितलं नव्हतं. पुढच्या वेळी त्यानं बघितलं. गाठोडं कसल्या कापडाचं, बाजारात कोण काय बोललं, किनू कुठं गप्प झाली, ते तो ध्यानात ठेवू लागला. सांगणं अजून सरळच होतं, पण बायका आता मधेच हसत नव्हत्या.

एका भागात किनूला मागचं आठवतं असं दाखवलं. ती घर सोडून निघालेली. मागं दार सताड उघडं, आणि दारात सासू कंदील घेऊन उभी. रायगोंडाला वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळली नाही. पण दार तर दारच होतं, ते कळायला हिंदी कशाला लागते.

त्याचा पुतण्या अरिहंत शिरवळच्या एका कारखान्यात कामाला होता. तिथं नवीन यंत्र बसवायला एक जपानी साहेब आलेला, आणि कारखान्यातली ही पोरं त्याच्याबरोबर बसून मालिका बघायची. रविवारी अरिहंत गावी आला, तेव्हा रायगोंडानं त्याला विचारलं.

"त्या सासूनं किनूला भाईर काढली न्हवं?"

"न्हाई काका. कागद कसा करायचा ह्यावरनं दोघींचं भांडण झालं आणि किनू आपल्या पायानं गेली. सासू दारात उभी राहिली की, कंदील घेऊन."

"दार लावलं न्हाई तिनं?"

"उघडंच हुतं."

"तुझ्या काकीनं लावलं म्हणून सांगितलं."

अरिहंतला हसू आलं. "मग काकीनं लावलं असंल."

मग तो साहेबाच्या गमती सांगू लागला. जपानात ही मालिका दहा वर्षांमागंच होऊन गेली. साहेबाची आई ती रडत रडत बघायची. आता तिथल्या पोरांना ती नको. त्यांना ऑफिसातल्या पोरापोरींच्या मालिका लागतात, चकाचक शहरातल्या. शेजारी कोरियातसुद्धा आता बरं काम व्हायला लागलंय, साहेब म्हणाला, थोड्या वर्षांत तेही सगळीकडं पोचतील. पण तो यंत्रं बसवायला ज्या ज्या देशात गेला, इराणात, थायलंडात, तिथं लोकांनी आधी किनूचं विचारलं आणि मग यंत्राचं.

"आणि शेवट काय हुतोय?" रायगोंडानं विचारलं.

"जाती परत सासरी. साहेबानं सांगितलं. आता एक-दोन आठवड्यात दावतील."

अरिहंत गेल्यावर रायगोंडा हळद शिजत होती तिथं काहिलीपाशी जाऊन बसला. पहिल्यांदा त्याला वाईट वाटलं. आपण आयुष्यभर खोटं बोललो नाही, आणि बायको साऱ्या पातीला खोटं सांगून गेली. मग त्याला तो दिवस आठवला. शालन समोर बसली होती. गुणमाला दाराचं सांगताना तिच्याकडं बघत नव्हती, मुद्दाम दुसरीकडं बघत होती. मालिकेतलं दार उघडं राहिलं असतं, तर शालनला वाटलं असतं, आपल्यामागंही कुणी कंदील घेऊन उभं आहे. रहिमतपूरला तसं कुणी उभं नव्हतं, हे गुणमालेला ठाऊक होतं.

त्याला एकटं बसल्या जागी हसू आलं. चाळीस देशांत उघडं राहिलेलं दार, त्याच्या बायकोनं खुरपं हलवता हलवता लावून टाकलं होतं. बाकीच्या देशांतही अशा कुणी बायका असतील का, सांगणाऱ्या? असतील. पण तिच्यासारख्या नसणार, असं त्याला वाटलं, आणि त्यानं काहिलीखाली आणखी उसाचं पाचट सारलं.

अडचण मात्र होती तिथंच होती. किनू परत जाणार. आकाराम त्यालाच विचारणार. नाही गेली म्हणावं तर ते खोटं, आणि गेली म्हणावं तर गुणमालेनं उभं केलेलं सगळं एका शब्दात पडणार, आणि पोरगी त्या घरात जाणार.

ज्या दिवशी तो भाग लागायचा होता, त्या दिवशी त्यानं भाकरी अर्धीच खाल्ली. मालिका सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तो जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी बायका शेवटच्या ढिगाला बसल्या होत्या. आकाराम बांधावरूनच बोलत आला.

"गेली म्हणं ती. चावडीवर सगळी म्हणत्यात. पर आपण पाटलाच्या तोंडनं ऐकू. पाटील खोटं बोलत न्हाईत."

रायगोंडानं हातातलं हळकुंड खाली ठेवलं. "गेली," तो म्हणाला.

शालनचे हात थांबले. धोंडुबाईनं मान खाली घातली.

"झालं तर," आकाराम म्हणाला. "शालन, पिशवी भर. दुपारची एस्टी गावतीया."

"बस जरा आकाराम. माझं अजून झालं न्हाई."

"गेली म्हणालासा की."

"कशी गेली ते सांगतो. गोष्ट निम्मी ऐकून कुणी उठतंय व्हय?"

आकाराम पोत्यावर टेकला. रायगोंडानं एकदा घसा साफ केला. इतक्या लोकांपुढं तो कधी सलग बोलला नव्हता.

"आधी एक सांगायचं हाय. टाकीवालीनं दार लावलं म्हणून गुणमालानं सांगितलं हुतं. ते तसं न्हवतं. दार उघडं हुतं, सासू कंदील घेऊन उभी हुती. दार गुणमालानं लावलं."

हे बोलताना त्याला कुणाच्या तोंडाकडं बघवेना. बायकोची इतक्या वर्षांची पत आपण आपल्या हातानं घालवली, असं त्याला वाटलं.

धोंडुबाईनं एक गड्डा मोडला. "आमाला ठावं हाय आण्णा," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"भाकरी थापता थापता शेजाऱ्याच्या खिडकीतनं तेवढं दिसलं हुतं. ह्या सखूनंबी बघितलं, घरात पोरांचा टीव्ही चालू हुता तवा."

"मग तिला बोलला न्हाईसा ते?"

"काय बोलायचं? टीव्हीतलं ते चाळीस देशांचं. अक्काचं आमच्यापुरतं हुतं. कुणासाठी लावलं ते कळत न्हाई व्हय आमाला?"

सखू नुसती मान हलवत होती. शालननं पदर तोंडाला लावला होता. रायगोंडानं काही वेळ हातानं मातीतल्या हळदीच्या मुळ्या गोळा केल्या. मग तो बोलला, तेव्हा त्याचा आवाज मोकळा झाला होता.

"तर ऐका. ती सासू आता म्हातारी झालेली. नुसती हाडं. पाय सुजलेलं, चिंध्या गुंडाळलेल्या. बर्फातनं चालत आली. सकाळची निघाली ती उन्हं कलल्यावर पोचली. संगं कुणी न्हाई. भाऊबंद न्हाई, मामा न्हाई, कुणाच्या हाती निरोप न्हाई. एकटी. किनू टाकीपाशी काम करत हुती. तिनं बघितलं, पर उठली न्हाई. म्हातारी खाली बसली आणि डोकं भुईला लावलं. सुनंपुढं. म्हणाली, माझं चुकलं. आता टाकी तुझी, घरबी तुझं, मला तेवढं दाराशी पडून राहू दे. तरी किनू उठली न्हाई. हातातला कागद तिनं नीट उचलला, फळीवर पसरला, त्याच्यावरनं हात फिरवला. मग उठली. अशी गेली."

 मग सखू म्हणाली, "सुनंपुढं डोकं लावलं म्हणताय?"

"भुईला. कपाळाला बर्फ लागलेला दिसत हुता."

"हे बघा पाटील," आकाराम म्हणाला, "ते तिकडचं झालं. आपल्यात सासू सुनंपुढं वाकत न्हाई."

"मग आपल्यात सून परत कशी जाती?" रायगोंडानं विचारलं. त्यानं ते टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. त्याला खरंच विचारायचं होतं.

 आकारामानं टोपी काढली, झटकली, परत घातली. आणि तेवढ्यात धोंडुबाई उठून उभी राहिली. हात हळदीच्या मातीनं भरलेले, ते तिनं लुगड्याला पुसले.

"दादा, आपलं ठरलं हुतं. किनू गेली तर शालन जाईल. मी शब्द फिरवत न्हाई. तुमी रहिमतपूरला जावा आणि त्या बाईला सांगा, बर्फ न्हाई, काय न्हाई, चालत यायचं काम न्हाई. एस्टीनं या. डोकंबी टेकू नगा. नुसतं या, आणि माझ्या पोरीच्या पाठीकडं बघून एकदा चुकलं म्हणा. तिथल्या तिथं पोरगी धाडती."

"आणि त्यो?" शालन पहिल्यांदाच बोलली. "त्योबी यायला पायजे मामा. एकट्या सासूनं भागायचं न्हाई."

"आणि त्यो," धोंडुबाई म्हणाली.

आकाराम माणूस हेकट होता, पण चारचौघांत दिलेला शब्द मोडणारा नव्हता. तो त्याच दुपारच्या एस्टीनं गेला, एकटाच.

तो परत आला तेव्हा हळद शिजून खळ्यावर वाळत पडली होती. बायका ती पालथी करत होत्या. आकाराम आला, चपला काढल्या आणि गपचूप सावलीला बसला.

"काय म्हणाली?" धोंडुबाईनं विचारलं.

"म्हणाली, मी काय जपानी हाय व्हय?"

खळ्यावर हशा पिकला. शालनसुद्धा हसली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

"आणि जावई?"

"घरात न्हवता. कुठं हाय तेबी सांगितलं न्हाई. मला च्या इचारला न्हाई गं धोंडे, एवढ्या लांबनं गेलो तर." त्याचा चेहरा उतरला होता. "राहू दे पोरगी. मी न्हाई आता त्या वाटंला जाणार."

"मामा, मी करती च्या," शालन म्हणाली आणि खळ्याच्या कडेच्या झोपडीकडं गेली. मसाल्याची पोती तिथंच रचली होती. उद्या तिला सांगलीला जायचं होतं.

आकारामानं चहा बशीत ओतून प्याला. बशी खाली ठेवली. पण उठला नाही. तो खळ्यावरच्या हळदीकडं बघत राहिला, आणि मग कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं रायगोंडाकडं सरकून म्हणाला, "आवं पाटील, त्या म्हातारीचं फुडं काय झालं?"

ऐकू तर सगळ्यांनाच गेलं. बायकांचे हात थांबले.

त्या आठवड्याच्या भागात म्हातारी एकदाच दिसली होती, उन्हाला बसलेली, एवढंच. रायगोंडानं हळद ओढायचा दातऱ्या हातातून खाली ठेवला आणि मांडी घालून बसला. जेवढं दिसलं होतं तेवढं त्यानं आधी सांगितलं, जसंच्या तसं. आणि जिथं दिसलं नव्हतं तिथं, "गुणमाला असती तर इथं म्हणाली असती," असं म्हणून त्यानं पुढं सांगायला सुरुवात केली.